दुपारी सोलर इन्व्हर्टर बंद पडतोय? शेवटच्या खांबावरच्यांसाठी पायरीपायरीने

आमचं घर लाईनच्या शेवटच्या खांबावर आहे. डीपीपासून (म्हणजे रोहित्रापासून, ट्रान्सफॉर्मरपासून) रस्त्याने मोजलं तर तीनशे मीटर. छतावर ५ किलोवॅटचं सोलर बसवलं, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं) लागलं, अनुदान खात्यात आलं, पेढे वाटून झाले. पंधरा दिवसांनी मोबाईलवरचा आलेख पाहिला तर भर दुपारी, ऊन सगळ्यात कडक असताना, आलेखाला करवतीसारखे दात पडलेले. इन्व्हर्टर बंद, चालू, परत बंद. दिवसाला वीस युनिट यायला हवीत तिथे तेरा-चौदा.

बसवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "काका, ग्रिडचा प्रॉब्लेम आहे." वीज कार्यालयात गेलो तर तिथे म्हणाले, "तुमच्या इन्व्हर्टरचा प्रॉब्लेम आहे." दोघंही अर्धं खरं बोलत होते, हे कळायला मला चार महिने लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. इन्व्हर्टर म्हणजे डीसीचं एसी करून देणारा नुसता डबा नाही. आतले ट्रान्झिस्टर सेकंदाला पंधरा-वीस हजार वेळा उघडझाप करतात आणि ग्रिडच्या लहरीवर सतत नजर ठेवून तिच्याशी ताल जुळवून करंट ढकलतात. किती ढकलायचा, कधी आवरतं घ्यायचं, थोडी रिअॅक्टिव्ह पॉवर (काम न करता लाईनीत नुसती मागेपुढे झुलणारी वीज) ओढून व्होल्टेज खाली आणायचं का, हे सगळं त्याला करता येतं. बहुतेक घरांत मात्र तो फॅक्टरीतून आला तसाच भिंतीवर टांगलेला असतो.

काय काय लागेल

साधनं: खरं आरएमएस दाखवणारा क्लॅम्प मीटर, वही, पेन आणि इन्व्हर्टरचं मोबाईल अॅप. घरात वायरिंगचं काम निघालं तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन. खांबावर स्वतः चढायचं नाही, ओळखीच्या वायरमनलाही परस्पर चढवायचं नाही.

कागद: वीजबिल (ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार त्यावरच असतो), नेट मीटरिंगचा करार, इन्व्हर्टरची डेटाशीट, आयएस १६२२१ आणि आयएस १६१६९ (इन्व्हर्टरसाठीची भारतीय मानकं) ची प्रमाणपत्रं, बसवणाऱ्याने दिलेला एक-रेषीय आराखडा (सिंगल लाईन डायग्रॅम, म्हणजे जोडणीचा नकाशा). हा आराखडा बऱ्याच जणांकडे नसतो. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी मागून घ्या, नंतर तो मिळत नाही.

## १. आठ दिवस फक्त नोंदी करा

तक्रार करायची घाई नको. आधी आठ दिवस सकाळी ७, दुपारी १२, दुपारी २ आणि रात्री ९ वाजता व्होल्टेज लिहा. मीटरपाशी आणि इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलपाशी, दोन्हीकडे. ही दोन ठिकाणं एकच आहेत असं समजू नका, खरी गंमत तिथेच आहे. टर्मिनलचं झाकण उघडायची गरज नाही, इन्व्हर्टरच्या पडद्यावर त्याला दिसणारं व्होल्टेज असतंच.

दुपारी १२ ची नोंद दोनदा घ्या: सोलर चालू असताना एकदा आणि बंद करून पाच मिनिटांनी एकदा. बंद करताना आधी एसीचा स्विच, मग डीसीचा. चालू-बंदमधला फरक म्हणजे तुमच्या स्वतःच्या करंटने चढवलेलं व्होल्टेज.

माझे आकडे असे आले. साध्या दिवशी सोलर बंद असताना मीटरवर २३६, चालू केल्यावर २४८, आणि त्याच वेळी इन्व्हर्टरच्या पडद्यावर २५६.

वितरित निर्मितीच्या जोडणीसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे विनियम आहेत. त्यानुसार व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर किंवा ८० टक्क्यांच्या खाली गेलं तर इन्व्हर्टरने दोन सेकंदांत बाजूला व्हायचं असतं. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. परत जोडण्याआधी ग्रिड किमान ६० सेकंद स्थिर असावं लागतं. आलेखातले करवतीचे दात ते हेच. इन्व्हर्टर बिघडलेला नव्हता, नियम पाळत होता.

सापळा: रात्री ९ लाही व्होल्टेज २६० वगैरे दिसत असेल, किंवा दिवा मध्येच प्रखर मध्येच मंद होत असेल, तर सोलरला दोष देऊ नका. न्यूट्रल (परतीची तार) सैल झाल्याचं ते लक्षण असतं. पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी तक्रार नोंदवा, नाहीतर फ्रीज-टीव्ही सगळं जाईल.

## २. घरातली वायर बघा

मीटरवर २४८ आणि इन्व्हर्टरवर २५६. हे आठ व्होल्ट माझ्याच घरात चढत होते. गच्चीपासून मीटरपर्यंत चाळीस मीटर केबल, तीही ४ चौरस मिलिमीटर तांब्याची. जाता-येता ऐंशी मीटरचा रोध साधारण ०.३७ ओहम. ५ किलोवॅटला करंट जवळपास २२ अँपिअर. गुणाकार केला की आठ व्होल्ट. केबल जळणार नव्हती, एमसीबी पडणार नव्हता, त्यामुळे बसवणाऱ्याच्या दृष्टीने सगळं ठीक. फक्त इन्व्हर्टरला वाटत होतं की ग्रिडच चढलंय.

१० चौरस मिलिमीटरची केबल टाकल्यावर हे आठ व्होल्ट तीनवर आले. साध्या दिवसांचं ट्रिपिंग तिथेच थांबलं. या लेखात पैसे वसूल करून देणारी सगळ्यात सोपी दुरुस्ती हीच. नवीन बसवत असाल तर कोटेशनमध्ये केबलचा साईझ आणि मीटरपर्यंतचं अंतर दोन्ही लिहून घ्या. "स्टँडर्ड केबल" असं लिहिलेलं कोटेशन परत पाठवा.

केबल बदलतानाच सगळी जोडणी आवळून घ्या. माझ्या एसीडीबीत (एसी बाजूच्या एमसीबीच्या डब्यात) एक स्क्रू चक्क बोटाने फिरत होता.

## ३. खांबापासून डीपीपर्यंतचं गणित

केबल बदलूनही सोमवार काही सुधरेना. बाकी दिवस व्यवस्थित, सोमवारी दुपारी हमखास बंद. उलगडा वहीने केला. सोमवारी आमच्याकडे बाजार बंद असतो. त्याच लाईनवरची पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान, रसवंती, सगळ्यांची शटरं खाली. त्यांचा भार नसला की सोलर बंद असतानाही माझ्या मीटरवर २३६ ऐवजी २४३ असायचे.

असं का होतं ते बघा. आपली रोहित्रं ११ किलोव्होल्टवरून ४३३ व्होल्ट देणारी असतात. ४३३ हे दोन फेजांमधले, म्हणजे भार नसताना एका फेजला न्यूट्रलपर्यंत २५० व्होल्ट. वीज डीपीकडून घराकडेच जाणार, वाटेत व्होल्टेज पडणार, शेवटच्या खांबाला २३० च्या आसपास पोचलं म्हणजे झालं, असा तो हिशोब. तो ठरला तेव्हा छतांवर फक्त पाण्याच्या टाक्या होत्या. आता दुपारी वीज उलटी वाहते, घराकडून डीपीकडे. आणि ती उलट ढकलायची तर घराकडचं टोक डीपीपेक्षा वर असावंच लागतं.

किती वर? आमच्या खांबांवर वीझल तार आहे (तारांना प्राण्यांची नावं आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग, वायरमन ती घरच्यांसारखी घेतात). वीझलचा रोध किलोमीटरला साधारण ०.९१ ओहम. तीनशे मीटर, जाता-येता धरून ०.५५. त्यातून २२ अँपिअर म्हणजे बारा व्होल्ट. तार जर स्क्विरल असती तर अठरा. सोमवारचे २४३, त्यात लाईनचे बारा आणि घराचे तीन मिळवा: २५८. आणि मर्यादा २५३.

शेजारी त्याच फेजवर आणखी एक सोलर आलं तर त्याचाही चढ यात मिळतो. म्हणून तुमच्या लाईनवर कोण कोण आहे हे माहीत करून घ्या. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांत एका रोहित्रावरच्या छतसोलरची एकूण क्षमता रोहित्राच्या ७० टक्क्यांपर्यंत धरली आहे. पण तो हिशोब रोहित्राचा, शेवटच्या खांबाचा नाही. शिवाय फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीनंतर १० किलोवॅटपर्यंतचे अर्ज तांत्रिक तपासणीशिवायच मान्य धरले जातात. अर्जदार म्हणून मला हे आवडलं, खोटं कशाला बोलू. पण त्याचा अर्थ असाही होतो की वरचा गुणाकार तुमच्यासाठी दुसरं कुणी करणार नाही.

## ४. फेज

तुम्ही आर, वाय की बी (लाईनवरच्या तीन फेजांची नावं), कोणत्या फेजवर आहात ते लाईनमनला विचारा. आमच्या गल्लीत तिन्ही सोलर वायवर निघाले. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, त्या खांबावर वायचा जंपर (लाईनपासून घराच्या वायरला जोडणारा तारेचा तुकडा) हाताला सोपा होता. एक घर दुसऱ्या फेजवर नेणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते वीज कंपनीचं काम आहे. तसा लेखी अर्ज द्या.

खरा फरक पडतो तो तीन फेजच्या इन्व्हर्टरने. तेच ५ किलोवॅट तिन्ही फेजांत समान वाटले की प्रत्येक तारेतला करंट एक तृतीयांश होतो, आणि न्यूट्रलमधून परतीचा करंट जवळपास उरतच नाही. त्यामुळे चढ थेट एक षष्ठांश होतो. माझे बारा व्होल्ट दोनवर आले असते! खरेदीच्या आधी हे सांगणारा कुणी भेटला असता तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

सापळा: घराची जोडणी तीन फेजची करून घेतली आणि इन्व्हर्टर सिंगल फेजचाच ठेवला तर सोलरच्या बाबतीत काहीही बदलत नाही, सगळा करंट त्याच एका तारेतून जातो. वर बिलात तीन फेजचा स्थिर आकार जास्त लागतो तो वेगळा.

## ५. वीज कंपनीला काय लिहायचं

"व्होल्टेज जास्त आहे, त्रास होतो" असं लिहिलेला माझा पहिला अर्ज दोन महिने टेबलावर होता. दुसऱ्या अर्जाला आठ दिवसांच्या नोंदींचं पान, अॅपच्या आलेखाची प्रत आणि खांबाचा क्रमांक जोडला, आणि तीनच मागण्या केल्या: खांबावरचे जंपर आणि न्यूट्रलची जोडणी तपासावी, फेज बदलून द्यावा, रोहित्राला टॅप (व्होल्टेज पायरीपायरीने वर-खाली करायची सोय) असल्यास तो तपासावा. पोच घेतली. त्यानंतर आठवड्याभरात माणूस आला.

टॅपबद्दल फार आशा ठेवू नका. लहान रोहित्रांना तो बहुतेकदा नसतोच. असला तर साधारण अडीच टक्क्यांच्या पायऱ्या, म्हणजे पायरीला सहा व्होल्ट, आणि बदलायला पुरवठा बंद करावा लागतो. शिवाय दुपारी तुमचं व्होल्टेज उतरलं की संध्याकाळी सगळ्या लाईनचं उतरतं. सात वाजता गिरणीची मोटर घुरघुरायला लागली की लोक तुमच्या दारात येतील.

अर्जाने काम झालं नाही तर कंपनीचा अंतर्गत तक्रार कक्ष, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, मग विद्युत लोकपाल अशी वाट आहे. मला तिथवर जावं लागलं नाही.

## ६. इन्व्हर्टरच्या सेटिंग्ज

आता मुख्य भाग. या सेटिंग्ज इन्स्टॉलरच्या पासवर्डमागे असतात. त्या बसवणाऱ्याकडूनच बदलून घ्या आणि वीज कंपनीला लेखी कळवा, कारण नेट मीटरच्या कराराने तुम्ही बांधलेले आहात.

सगळ्यात आधी, काय करायचं नाही. माझा बसवणारा म्हणाला होता, "काका, लिमिट २८० करून टाकतो, परत कधी ट्रिप होणार नाही." खरंच होणार नाही. पण त्या २७०-२७५ मध्ये शेजारणीचा फ्रीज, समोरचे एलईडी दिवे आणि तुमचाच टीव्ही उभा असतो. ताप आल्यावर थर्मामीटर फोडण्यातला हा प्रकार, आणि नियमाबाहेरचाही. देशाचा कोड बदलून दुसऱ्या देशाची मर्यादा घेणं हीच गोष्ट आडवाटेने करणं आहे. तुमच्या इन्व्हर्टरवर कोणता कोड आहे तो एकदा डोळ्यांनी पाहा.

करायचं ते असं.

व्होल्ट-वॅट. व्होल्टेज चढायला लागलं की इन्व्हर्टरने एकदम बंद न पडता उत्पादन हळूहळू कमी करावं. ऑस्ट्रेलियात नव्या इन्व्हर्टरना हे सक्तीचं आहे. तिथे उतार २५३ ला सुरू होतो आणि २६० पर्यंत उत्पादन २० टक्क्यांवर येतं. ते आकडे जसेच्या तसे उचलू नका: आपल्याकडे २५३ ला इन्व्हर्टर सुटूनच जातो, त्यामुळे उतार त्याआधी संपला पाहिजे. मी २४८ ला १०० टक्के आणि २५३ ला २० टक्के असा उतार लावून घेतला. सोमवारी भर दुपारी शून्य-पाच-शून्यचा खेळ थांबला आणि इन्व्हर्टर २५१ व्होल्टच्या आसपास अडीच किलोवॅटवर शांत बसला. अर्धं उत्पादन गेलं, पण अर्धं तरी हातात आलं.

एकाच आकड्यावर सगळ्यांनी सुटणं किती महागात पडतं हे जर्मनीने पाहिलंय. तिथल्या जुन्या इन्व्हर्टरना ग्रिडची वारंवारिता (सेकंदाला किती लहरी, एरवी ५०) ५०.२ हर्ट्झवर गेली की बंद व्हायची सूचना होती. सोलर थोडं असताना ठीक होतं. ते वाढल्यावर लक्षात आलं की त्या एका आकड्याला हजारो मेगावॅट एकदम गळतील. २०१२ मध्ये वेगळा नियम करून तीन लाखांहून अधिक संचांच्या सेटिंग्ज बदलायला घ्याव्या लागल्या. तेव्हापासून कल आहे तो खटक्यापेक्षा उताराकडे.

व्होल्ट-व्हार. इन्व्हर्टर रिअॅक्टिव्ह पॉवर ओढून व्होल्टेज खाली खेचतो. जाहिरातीत याचं कौतुक फार असतं, म्हणून मोजून पाहिलं. आपल्या ४०० व्होल्टच्या लाईनीत रोध जास्त आणि रिअॅक्टन्स (बदलत्या करंटला तारेच्या चुंबकीय क्षेत्राने होणारा अडथळा) कमी. माझ्या तीनशे मीटरचा रिअॅक्टन्स जेमतेम ०.२ ओहम. पॉवर फॅक्टर (एकूण विजेतला कामाचा वाटा) ०.९ ठेवून दोन-सव्वादोन केव्हीएआर (किलो-व्हार, रिअॅक्टिव्ह पॉवरचं माप) ओढले तर मिळतात दोनेक व्होल्ट. आणि ५ केव्हीएचा इन्व्हर्टर असेल तर त्यासाठी वॅट ५ वरून साडेचारवर येतात. काठावर असाल तर उपयोग आहे, पंधरा व्होल्टच्या दुखण्यावर हा उपाय नाही.

हेच ११ किलोव्होल्टवर उलटं होतं. तिथे रिअॅक्टन्सचा वाटा मोठा, त्यामुळे व्हारचा परिणाम चांगला जाणवतो. उपकेंद्रांना जोडलेल्या सौर प्रकल्पांचे मोठे इन्व्हर्टर हे काम करू शकतात, योग्य रचना असेल तर रात्री ऊन नसतानाही. वाहिनीवर वेगळा स्टॅटकॉम बसवतात तेही याच तत्त्वावर, फक्त त्याच्यामागे सोलर पॅनेल नसतं.

सापळा: "लीडिंग" आणि "लॅगिंग". एक कंपनी शब्द जनित्राच्या बाजूने वापरते, दुसरी भाराच्या बाजूने. माझ्याकडे पहिल्यांदा उलटंच लागलं आणि व्होल्टेज वर गेलं. शब्दावर विश्वास ठेवू नका. सेटिंग बदला, मीटर बघा. व्होल्टेज उतरलं तर बरोबर, चढलं तर उलट करा.

## ७. वीज घरातच वापरा

लाईनवर चढतं ते बाहेर जाणाऱ्या विजेने. घरात वापरलेली वीज खांबापर्यंत जातच नाही. दोन किलोवॅटचा गिझर दुपारी बाराला लावला की माझ्या लाईनवर जवळपास पाच व्होल्ट उतरतात. म्हणून बोअरची मोटर, वॉशिंग मशीन, गिझर, सगळं सोमवारी साडेअकरा ते अडीचमध्ये. सौ. आधी वैतागली होती, आता तीच विचारते, "आज किती व्होल्ट?"

बॅटरी घेणार असाल तर चार्जिंगची वेळ स्वतः ठरवा. नुसती जोडून दिली तर ती सकाळी ऊन आल्याबरोबर चार्ज व्हायला लागते आणि गरज असते त्या बारा वाजता भरून बसलेली असते. अकराच्या आधी चार्जिंग नको असं लावा.

निर्यात मर्यादा (बाहेर जाणाऱ्या विजेवर इन्व्हर्टरमधूनच हद्द घालणं) हा शेवटचा उपाय, कारण नेट मीटरचं श्रेय जातं. तो केलाच तर मीटरपाशी बसवायच्या सीटीवरचा (करंट मोजणाऱ्या कडीवरचा) बाण कोणत्या दिशेला आहे ते तपासा. बाण उलटा लागला की इन्व्हर्टर आयातीला निर्यात समजतो.

## ८. सगळं झाल्यावर परत मोजा

तोच मीटर, त्याच वेळा, आणखी आठ दिवस. त्यात बाजार बंदचा दिवस आलाच पाहिजे. परवाच्या सोमवारची माझी नोंद: साडेबारा वाजता, मोटर आणि गिझर चालू, इन्व्हर्टरवर २४९ व्होल्ट, उत्पादन ३.७ किलोवॅट, दिवसभरात ट्रिप शून्य.

पुढच्या महिन्यात समोरच्या अण्णांकडे ३ किलोवॅट बसतंय. वही त्यांना वाचायला दिली आहे, आणि अर्जासोबत बी फेजवर जोडणी द्यावी असं पत्रही त्यांच्याकडून लिहून घेतलंय.